जनीच्या नावाची काडी

आसनगाव
६ जानेवारी २०२५

आत्या,

कागदावरूनच तुझ्या पायाला हात लावते. फोन केला असता, पण तुमच्या उंबरपाड्यात रेंज येते फक्त देवळामागच्या टेकाडावर, आणि तू बोलतेस स्पीकर लावून. मागच्या वेळी माझ्या पोटदुखीची चौकशी केलीस, ती खाली गुरं चारणाऱ्या एका म्हाताऱ्यानंही ऐकली आणि मला ओवा खायला सांगितला. आज जे सांगायचंय ते बायाबायांतलं आहे, म्हणून पत्र. सातवी पास म्हणून मिरवतेस ना, वाच आता.

शहापूरच्या दवाखान्यातून एक अभ्यास चाललाय, त्यात मी नोकरीला लागले हे तुला माहीतच आहे. अभ्यास आहे गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचा. तो होतो एका विषाणूमुळे, त्याचं नाव एचपीव्ही. नवराबायकोच्या संबंधातून येतो. बहुतेक बायांच्या अंगात कधी ना कधी येतो आणि आपोआप निघूनही जातो. एखादीच्या अंगात मात्र वर्षानुवर्षं गप्प बसून राहतो, आणि मग हळूहळू बिघाड करायला लागतो. वेळेत सापडला तर सगळं थांबवता येतं. सापडण्यासाठी मात्र बघावं लागतं, आणि आपल्याकडच्या बाया दाखवायला तयार नसतात.

म्हणून आता सोपी रीत आली आहे. एक मऊ टोकाची काडी असते. ती बाईनं आडोशाला जाऊन स्वतःच आत फिरवायची, नळीत टाकायची, झाकण लावायचं. डॉक्टर नको, टेबल नको, काही नको. तीस ते पासष्ट वयाच्या बाया हव्यात. आशाताई सरिता वीस तारखेला काड्यांचा डबा घेऊन तुमच्याकडे येईल. त्याच दिवशी मला दुसऱ्या गावी जायचंय, त्यामुळे मी नसेन. बाया गोळा करायचं काम तुझं. तू हाक मारलीस तर त्या चुलीवरची भाकरी टाकून येतात.

माझी पहिली नोकरी, आणि पहिलं गाव मी तुझं सुचवलंय. पाचच बाया आल्या तर अभ्यास चालवणाऱ्या मॅडमपुढे माझं नाक कापलं जाईल गं.

तुझी माधुरी


उंबरपाडा, ता. मुरबाड
२२ जानेवारी २०२५

पोरी माधुरी,

सुखात ऱ्हा आणि जरा अंगानं भर. तुझं नाक शाबूत हाय. पाच नाय, एकतीस बाया आल्या! आता ऐक कशा आल्या ते.

शाळेच्या खोलीत दोरी बांधून दोन लुगड्यांचा पडदा केला. सरिताने काडी कशी फिरवायची ते सांगितलं. सगळ्या अशा माना खाली घालून बसल्या, जशी काय कोणी कोंबडी चोरलेली आणि आता नाव निघणार. मी बोलली, चला गो, उठा. कोणी उठंना. तुला आमच्याकडची रीत म्हाईत हाय. लावणीला पहिली जुडी थोरलीने लावायची, मंगच बाकीच्या चिखलात उतरणार. कायबी असो, थोरलीच्या आधी कोणी हात लावत नाय. आणि वाडीत थोरली कोण? माझी जाऊ जनी. सगळ्यांचे डोळे जनीवर.

जनीच्या हातात काडी, आणि कपाळावर घाम. चार पोरांची आई (दोन राहिली, दोन गेली), वाघाला हाकलायला कुऱ्हाड घेऊन गेलेली बाय, आणि काडीला घाबरली! माझ्या कानात बोलते, "भागी, मी नाय गो जायची. मी घरला चालली." ती उठून गेली असती तर तिच्या मागं तीसच्या तीस उठून गेल्या असत्या, आणि माझ्या भाचीचं नाक मुरबाडच्या बाजारात.

मी बोलली, चल, आपण दोघी मिळून जाऊ पडद्याआड, सोबतीला. गेलो. दोघींच्या दोन नळ्या घेऊन भायेर आलो. जनीने पदर नीट केला आणि मोठ्यानं बोलली, "काय नाय गो, मुंगी चावल्याएवढंबी नाय." हे ती कशी बोलली ते तिलाच ठाऊक. पण मंग काय, बायांची रांगच लागली. शेवटी शेवटी तर भांडायला लागल्या, मी पयली मी पयली म्हणून.

गेल्या लावणीची जनीची एका दिवसाची सावड माझ्यावर राहिली होती. तू आता आसनगावची झालीस म्हणून सांगते, सावड म्हंजे आज तू माझ्या शेतात राब, उद्या मी तुझ्या, दिवसाला दिवस. ती सावड मी त्या दिवशी फेडली. कशी ते विचारू नको.

माझ्या पूजाचं लगीन ठरलं! पोरगा शेणवा गावचा, मितेश. तुमच्याच आसनगावला कंपनीत जातो. पंधरा मेला लग्न. तुला करवली व्हायचं हाय, नवी साडी घे.

तुझी आत्या


आसनगाव
१२ मार्च २०२५

आत्या,

तुझं पत्र मी मॅडमना वाचून दाखवलं. त्या एवढ्या हसल्या की त्यांचा चहा सांडला. जनीकाकीला भेटायचंय म्हणाल्या.

आता नीट बस आणि शांतपणे वाच. एकतीसपैकी एकोणतीस जणींचं काही निघालेलं नाही. तुझ्या काडीत तो विषाणू निघालाय. सोळा नंबरचा, म्हणजे ज्याच्यावर जास्त लक्ष ठेवावं लागतं त्यांतला. आत्या, याचा अर्थ कॅन्सर आहे असा नाही. हे मी तीनदा लिहिते, नाही, नाही, नाही. याचा अर्थ एवढाच की आता डॉक्टरीणबाई भिंगातून एकदा बघतील, वाटलं तर तांदळाएवढा तुकडा तपासायला घेतील, आणि बिघाड सुरू झालेला असला तर तेवढाच भाग काढून टाकतील. सकाळी यायचं, संध्याकाळी घरी.

आणि कोणाकडे बोट दाखवायचं काम नाही. हा विषाणू वीस वीस वर्षं अंगात बसून असतो. कधी आला, कुठून आला, देवालाही सांगता येणार नाही. आतोबांना काही बोलू नकोस.

सोबत जनीकाकीच्या नावाचं एक बंद पाकीट आहे. ते न उघडता तिच्या हातात दे आणि तिच्या सुनेकडून, भूमिकावहिनीकडून वाचून घे म्हणून सांग. तुम्ही दोघी मिळूनच शहापूरला या. गुरुवारी डॉक्टरीणबाई असतात. पुढच्या गुरुवारी वाट बघते.

माधुरी


उंबरपाडा
२६ मार्च २०२५

पोरी,

पत्र पोचलं. तू एवढं तीन तीनदा नाय नाय लिवलंस, मला काय कळत नाय का? मी ठणठणीत हाय. काल विहिरीवरून दोन हंडे डोक्यावर, एक कमरेवर आणले.

येत्या गुरुवारी जमणार नाय, पूजाच्या सासरची मंडळी साखरपुड्याचं बोलायला येणार. त्याच्या पुढच्या गुरुवारी घर सारवायचं हाय. मंग पापड. मंग कुरडया. मांडवाला बांबू तुझे आतोबा आणणार, पण बांबू दाखवल्याबिगर त्यांना दिसत नाय. लग्न झालं की येते, मंग तुमची भिंगं लावा नायतर दुर्बीण लावा.

जनी ठीक हाय. पाकिटाचं मी बघते.

पूजाला बस्त्यात कुंकवाच्या रंगाचा शालू आवडला. नेसून बघितला तेव्हा मी जरा भायेर जाऊन डोळे पुसून आली. तुला सांगते गो, पोर एवढी गोड दिसते.

आत्या


आसनगाव
२४ एप्रिल २०२५

आत्या,

पाच गुरुवार गेले. मी दर गुरुवारी दाराकडे बघत बसते, आणि तू कुरडया घालतेस.

रागवायलाच बसले होते, पण आधी एक गोष्ट सांगते. खरं तर सांगायला नको, पण पोटात राहत नाही. आमच्या प्रयोगशाळेत हा विषाणू नुसता शोधत नाहीत, तर पूर्ण वाचतात. त्याच्या अंगात जवळपास आठ हजार अक्षरं असतात असं समज. सोळा नंबर म्हणजे भात धर. पण भात म्हटलं तर त्यात झिनी आलं, कोलम आलं, काय काय वाण आले. तसे सोळा नंबरातही वाण असतात. अक्षरं थोडी थोडी वेगळी असतात. एखादा वाण लवकर निघून जातो, एखादा ठाण मांडतो आणि त्याचा धोका जास्त. कुठला वाण आपल्या भागात किती आणि त्याचं पुढे काय होतं, हेच आम्ही शोधतोय.

तर तुझा आणि जनीकाकीचा वाण मॅडमनी वाचला. मॅडमना नावं माहीत नसतात, नुसते नंबर. पण नंबर मीच लावलेत, म्हणून मला कळलं. आत्या, आठ हजार अक्षरांत एक अक्षरसुद्धा वेगळं नाही! शिवाय हा वाण आमच्या यादीत आजवर दुसऱ्या कोणाकडे सापडलेला नाही. मॅडम दोन दिवस नाचत आहेत. एकाच पाड्यावर, दोन बायांत, हुबेहूब एकच! हा इथे आला कधी, पसरला कसा, असं सगळं विचारत बसल्यात. यावर लिहिणार म्हणतात.

हे झालं त्यांचं. माझं म्हणणं एवढंच की हा वाण भला की बुरा हे अजून कोणालाच ठाऊक नाही. आणि ज्याचं काही ठाऊक नाही त्याला घरात ठेवून लेकीचं लग्न करायचं नाही. ये गं आत्या. मी हात जोडते.

माधुरी


उंबरपाडा
१ मे २०२५

माधुरी,

तुझ्या मॅडमना सांग, एवढं नाचू नका. एकाच कणगीतनं दोन मुठी काढल्या तर दाणा सारखाच निघणार, त्यात नवल काय?

आणि पसरला कसा असलं कायबी विचारत बसू नका, असं बोल त्यांना. तू पयल्या पत्रात लिवलंस तो कशातनं येतो ते. दोन जावांत सारखा निघाला म्हंजे लोक माझ्या नवऱ्याकडं बघतील की जनीच्या? माझा देवराम वहिनीसमोर लग्नापासून मान वर करून बोललेला नाय. ती आली की ताट घेऊन ओटीवर जातो. त्या गरीब माणसाचं नाव यात नको.

लग्नाला चौदा दिवस राहिले. मला आता पत्र लिवू नको, लग्नाला ये.

आत्या


उंबरपाडा
७ मे २०२५

माधुरीला जनीकाकीचा आशीर्वाद.

हे भूमिका लिवते, मी बोलते. भूमिका, मी बोलते तसंच लिव, तुझी शाळा मधी घालू नको.

माधुरी, काल मी अंगणात पापड वाळत घालत होती. आशावाली सरिता आली. मला बघून दचकली. बोलते, काकी, तुमी लेकीकडनं कधी आल्या? मी बोलली, कुठली लेक? मला दोन पोरगे, लेक नाय, सगळ्या वाडीला ठाऊक हाय. ती नवीन, तिला नाय ठाऊक. तर बोलते, भागीकाकी बोलल्या तुमी लेकीकडं राहायला गेल्या, म्हणून शहापूरला येत नाय. आणि भागीकाकी त्यांच्या भाचीकडं जाऊन तपासून आल्या. काकी, तुमच्या नावाचा रिपोर्ट खराब हाय, आता तरी चला.

मला असं हसू आलं! मी बोलली, अगो, माझा रिपोर्ट कसा निघंल? मी काडी फिरवलीच नाय!

आता तुला खरं सांगते. त्या दिवशी आमी दोघी पडद्याआड गेलो. मी बोलली, भागी, मारलंस तरी मी करायची नाय. ती बोलली, आण ती काडी हिकडं. तुझी एक सावड माझ्यावर हाय, ती आज फेडते. आणि माझी काडी तिनेच स्वतःला फिरवली. आदी तिची, मंग माझी. नळीवर नाव माझं. मी भायेर येऊन मुंगी चावल्याचं बोलली ते सगळं सोंग. आमाला वाटलं, कामाला काम, कुठं कळतंय. शेतात नाय का, कोणीबी लावलं तरी भात उगवतंच.

तर मी हसत होती. सरिताबी हसायला लागली. आणि हसता हसता माझ्या तोंडचं हसूच गेलं. माझ्या नावाची काडी भागीची. म्हंजे माझ्या नावाचा खराब रिपोर्टबी भागीचा. आणि भागी तर बोलते तपासून आली, सगळं बरं हाय. मला सांग, तुझ्याकडं आली होती का ती?

मी पापडाचे हात तसेच घेऊन तिच्या घरात गेली. बोलली, पेटी उघड. ती बोलली, कसली पेटी? मी सरळ पूजाच्या लग्नाची पत्र्याची पेटी उघडली. शालूच्या खाली दोन कागद. एक तिचा, एक माझ्या नावाचं पाकीट, न फोडलेलं. मंग ती रडायला लागली. अशी रडली, धोंडीबाई सासू गेली तेव्हाबी रडली नव्हती एवढी. बोलते, शेणव्याला कळलं की आईला तसला आजार हाय तर पूजाचं मोडंल. लग्न होऊन जाऊ दे, मंग काय व्हायचं ते होवो.

मी बोलली, गप. तुला काय झालं तर पूजाचं पयलं बाळंतपण कोण करणार? मी? मला दोन सुना हायत, मला तेवढ्याच भारी पडतात. (भूमिका, हेबी लिव.) मी खूप शिव्या दिल्या. मंग आमी दोघीबी रडलो. मंग पापड कोंबड्यांनी खाल्ले.

उद्या गुरुवार. सकाळच्या गाडीनं मी तिला घेऊन येते. घरात सांगितलंय, शहापूरला बांगड्या भरायला चाललोय. आणि माझीबी काडी काढून ठेव. मी फिरवीन. भीती वाटते अजून, पण फिरवीन.

हे पत्र पोस्टात टाकत नाय, बरोबरच आणते. तुझ्यापुढं तोंडानं सांगताना माझी जीभ अडकंल, म्हणून आदी हातात हे देईन. तू वाचेस्तवर मी भायेर बसते.

जनी

(माधुरीताई, मी भूमिका. सासूबाई बोलल्या तसंच लिहिलंय. दोघी बहिणींसारख्या एका ताटात जेवल्या आज. काही वाईट असलं तर आधी मला सांगा.)


आसनगाव
२६ मे २०२५

आत्या आणि जनीकाकी, दोघींना एकच पत्र, कारण गुन्हा दोघींचा आहे.

त्या गुरुवारी दवाखान्याच्या व्हरांड्यात काकीनं मला कागद दिला आणि खांबाआड जाऊन बसली. मी वाचत गेले तशी मला राग येत होता, मग हसू येत होतं, आणि शेवटी मी नळावर जाऊन तोंड धुतलं. आत्या, तू माझं नाक वाचवायला पडद्याआड दोन काड्या फिरवल्यास, आणि मग त्यांचेच कागद शालूखाली दाबलेस. तुला काय म्हणू गं मी?

आधी निकाल. काकी, तुझी खरी काडी, तू स्वतः फिरवलेली, तिच्यात काही नाही. अगदी स्वच्छ. आणि ती फिरवून बाहेर आलीस तेव्हा तू जे म्हणालीस, "अगो, खरंच मुंगी चावल्याएवढंबी नाय," ते ऐकून रांगेतल्या सगळ्या बाया हसल्या होत्या.

आत्या, तुझा तुकडा तपासून आला. कॅन्सर नाही. पुन्हा लिहिते, नाही. त्याच्या आधीची पायरी आहे. बिघाड सुरू झाला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशीच चार-पाच वर्षं गेली असती तर सांगता आलं नसतं. आता तेवढा भाग काढून टाकतील. तिथेच भूल देऊन पंधरा-वीस मिनिटांचं काम. येत्या गुरुवारी, २९ तारखेला. या वेळी कुरडया नाहीत, बांबू नाहीत, पाहुणे नाहीत. लग्न झालंय.

आणि काय लग्न झालं! तुकडा काढून आठवडाही झाला नव्हता आणि तू हळदीत अशी नाचलीस की मितेशच्या आत्यानं मला विचारलं, ही नवरीची आई की बहीण?

आता मॅडम. त्यांना सांगायला मी गेले. पहिल्याच गावात खोटा नमुना, माझी नोकरी गेलीच समजत होते. त्यांनी सगळं ऐकलं, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "माधुरी, आपलं वाचन बरोबर असतं की नाही हे तपासायला मी मुद्दाम एकाच बाईचे दोन नमुने गुपचूप पाठवायला हवे होते. मला सुचलं नाही. तुझ्या आत्यानं ते करून टाकलं." एकच विषाणू, दोन नळ्या, दोन नंबर, कोणाला काही माहीत नाही, आणि आठ हजार अक्षरांत एकही चूक नाही! त्या परत नाचल्या. लिहिणार होत्या ते मात्र खोडलं. काकीच्या नावाचा नमुना यादीतून काढून नवा घातला, आणि मला दम भरला की पुढच्या वेळी प्रत्येक बाई पडद्याआड एकटीच जाईल, मग ती कितीही थोरली असो.

देवरामआतोबांच्या नावाला डाग नाही, हे वेगळं सांगायला नको. त्यांना खुशाल ओटीवर जेवू दे.

तुमची माधुरी

ता. क. भूमिकावहिनीची मुलगी अजून लहान आहे. पण नऊ वर्षांची झाली की या विषाणूची लस मिळते. मी लक्षात ठेवते, तुम्हीही ठेवा.


उंबरपाडा
२० जुलै २०२५

पोरी माधुरी,

हे पत्र मी बांधावर बसून लिवते. हो, बसून! माझ्या शेतात लावणी चालली हाय आणि मी राणीसारखी बांधावर, डोक्यावर इरलं. डॉक्टरीण बोलली होती महिनाभर जड उचलू नको. जनीने त्या महिन्याचे दोन केले. मी चिखलात पाय टाकला की ती तिकडनं वरडते, "भायेर हो!" सगळ्या बाया हसतात. जन्मात पयल्यांदा मी लावणी बघितली. वाकून करताना कळत नाय, पण बांधावरनं लई छान दिसते गो.

गुरुवारी मी तपासायला आली तेव्हा डॉक्टरीण बोलली, जखम भरली, आतलं सगळं काढलेलं हाय, आता जानेवारीत परत काडी. मी तिला बोलली, बाय, तुमच्या हाताला यश हाय. ती बोलली, तुमच्या जावेच्या पायाला हाय, तिने ओढून आणलं.

मी गाडीत तोच इचार करत आली. शेणव्याला गाडी थांबली तर पूजा फाट्यावर उभी, डबा घेऊन. तिला आता सगळं ठाऊक हाय. मीच सांगितलं. तिच्या सासूलाबी तिने सांगितलं. मी घाबरली, आता काय होतं. तर सासू काय बोलली असंल? "ती काडी आमच्या गावात कधी येणार?" घे! ज्याच्यासाठी मी दोन महिने शालूखाली कागद दाबून जीव टांगणीला लावला, त्याचं हे असं. मी स्वतःलाच एक चापट मारली.

जनी बोलते, सावड फिटली, तू माझी काडी फिरवलीस, मी तुझी लावणी केली. मी बोलली, नाय फिटली, आणि फिटायचीबी नाय. तुला सांगते माधुरी, नीट ऐक. माझ्या नावाचा कागद मी दाबला होता. सरिताला खोटं बोलली, तुला खोटं बोलली. कोणाला कळलंबी नसतं, आणि आज बांधावर बसून हसते तीच मी दोन-चार वरसांनी कुठं असती देव जाणे. पण त्या दिवशी मी जनीच्या नावानं एक काडी दिली होती, तिचाबी कागद आला. दाबले मी दोन्ही, पण माझा दबला, तिचा दबला नाय. सरिता त्याची खबर घेऊन जनीच्या अंगणात गेली. मला वाटत होतं मी जनीचं काम केलं. केलं ते माझंच.

सरिताकडनं कळलं, जानेवारीत डबा परत येणार, आणि या टायमाला शेजारच्या दोन पाड्यांच्या बायाबी येणार. जनीने आत्ताच सगळ्यांना सांगून ठेवलंय, लावणीत सावड चालंल, पण काडीला सावड नाय, ज्याची त्याने फिरवायची. आणि रीत ती रीत, पयली काडी थोरलीची. आत ती एकटीच जाणार. मी पडद्याभायेर उभी राहीन.

तिने आत्ताच चिखलातनं हात वर करून इचारलं, कोणाला पत्र लिवतेस? मी बोलली, माधुरीला. ती बोलली, मंग लिव, आत्या बांधावर बसलीय आणि गप बसत नाय.

तुझी आत्या